वारा नव्हता

नाही मिलेन, वारा नव्हता. त्या दिवशी बर्फाच्या रिंकच्या बाहेरचा झेंडा ओल्या फडक्यासारखा लटकत होता. तू म्हणशील, मग कथेत का लिहिलास? तेच सांगतोय. मधे बोलू नकोस.

मी रेमी सुरेत, वय एकोणतीस, धक्क्यामागचं पिवळं घर. डोकं ठिकाणावर आहे. रविवारची दुपार, दोन कप कॉफी पोटात, दारू नाही. जबरदस्ती म्हणशील तर आल्फीकाकानं केलीय तेवढीच. त्याच्या बोटीचा नियमच आहे की शेवंडं धरायचा मोसम उघडायच्या आदल्या दिवशी बोटीवरच्या प्रत्येकानं मृत्युपत्र करून द्यायचं. पहिल्या दिवशी पिंजरे डोक्याच्या वर रचलेले असतात. दोर पायात अडकला की माणूस पिंजऱ्याबरोबर खाली. काकाचा भाऊ असाच गेला, आणि मागे घरभर भांडणं ठेवून गेला.

१. पिकअप आईला. दुसरा गिअर अडकतो, तिला माहीत आहे.

२. आजोबांची जाळी विणायची लाकडी सुई आल्फीकाकाला. त्या सुईनं मी पिंजऱ्याचं एकही जाळं धड विणलं नाही. हॅलिफॅक्सला जाऊन कथालेखन शिकलेल्या माणसाच्या गाठी कशा असतात, ते काका अजून सगळ्या धक्क्याला दाखवत असतो.

३. माझे स्केट्स रिंकवरच्या रेजाँला. त्याचे पाय दोन नंबरनं मोठे आहेत हे मला ठाऊक आहे. ‘एक फेरी जास्त!’ ही आरोळी पहिल्यांदा त्यानं ठोकली होती. चावू देत.

४. आता ‘वाऱ्यावरची चिठ्ठी’. ही कथा मी लिहिली, तिला बक्षीस मिळालं, ती बारावीच्या पुस्तकात गेली. कथेत एक मुलगी रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणाऱ्या मुलाला चिठ्ठी लिहिते. वारा ती उडवून नेतो, गावभर होते, मुलगी रडते आणि शेवटी गोठलेल्या खाडीकडे बघत मोठी होते. प्रेमाच्या कथा अशा संपवायच्या, हे मी वर्गात शिकलो. कुणीतरी लांब बघतं आणि त्याला काहीतरी कळतं. मला ते फार आवडायचं, कारण तिथे कुणी काही केलेलं नसतं.

मी केलं. चिठ्ठी तुझ्या आणि तुझ्या बहिणीच्या, कोलेतच्या, एकाच बॅगेत होती. मी चिकटपट्टी शोधायला हात घातला आणि ती हाताला लागली. ‘ड्वेन, शनिवारी माझ्यासाठी एक फेरी जास्त मार. मी कठड्यापाशी असेन.’ बास, एवढंच. आपण अठरा वर्षांचे होतो आणि तू कधीतरी मला असं काही लिहिशील, असं मला वाटत होतं. मी ती चिठ्ठी रिंकच्या नोटीस बोर्डावर, बिंगोच्या वेळापत्रकाशेजारी, दोन टाचण्यांनी लावली. वरची टाचणी वाकडी गेली म्हणून काढून परत लावली. म्हणजे विचार करायला वेळ होता.

नंतर तू मला विचारलंस, “बॅग कुणाकडे होती रे?”

“कोलेतकडे,” मी म्हणालो.

ते खरं होतं. आदल्या दिवशी तुम्हा बहिणींचं भांडण झालं होतं, तेही खरं होतं. बाकीचं तू स्वतःच जुळवलंस आणि मी जुळवू दिलं.

पुढे ड्वेन यंत्र घेऊन बर्फावर आला की अख्खी गॅलरी ‘एक फेरी जास्त!’ ओरडायची. ड्वेन महिन्याभरात अल्बर्टाला निघून गेला. तू रिंकवर यायचं बंद केलंस. अकरा वर्षं झाली, तुम्ही दोघी समोरासमोर राहता, एकमेकींशी बोलत नाही, आणि तुमची आई नाताळात बटाट्याचा राप्यूर दोनदा करते, दोन वेगळ्या दिवशी, दोन मुलींसाठी.

५. मार्चमधली ती सकाळ आठव. थेरेजच्या कॉफीच्या खिडकीसमोर रांग होती. थेरेजची मुलगी जोसी बारावीचं पुस्तक घेऊन माझ्यामागे लागली होती. “रेमी, चौथा प्रश्न सांग ना! वारा कशाचं प्रतीक आहे? इच्छेचं की मोठं होण्याचं?”

मी ऐटीत म्हणालो, “दोन्ही लिही. पूर्ण मार्क मिळतील.”

तू माझ्या मागेच उभी होतीस. म्हणालीस, “मला तर वाटलं, वारा म्हणजे माझी बहीण.” आणि हसलीस. मीही हसलो, मिलेन. त्या हसण्याची जेवढी लाज वाटते तेवढी टाचण्यांचीही वाटत नाही.

म्हणून त्या कथेचे सगळे हक्क तुला. पुस्तकातून काढ, जाळ, शेवट बदल, माझं नाव घाल. कथेत तुझ्यासारख्या मुलीला मी एकही वाक्य बोलू दिलं नव्हतं, तेवढं जमलं तर बघ.

६. कोलेत, चिठ्ठी तू लावली नाहीस. हे मी सहीनिशी लिहून देतो. कुणीही काही बोललं की हे पान पुढे कर.

इथवर लिहिलं आणि साक्षीदारांना सही करायला बोलावलं. कायद्यानं साक्षीदारांना आतला मजकूर कळायची गरज नसते, पण आल्फीकाका म्हणाला, “वाचून दाखव, नाहीतर पेन खाली ठेवतो.” वाचलं.

थेरेज म्हणाली, “मेल्या! आणि तुझ्या बक्षिसाला मी केक केला होता!”

काकानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “उद्या बुडलास तर पोरी हे वाचणार. आणि नाही बुडलास तर?”

“तर पुढच्या वर्षी नवा कागद करू.”

“म्हणजे दरवर्षी त्या दोघींनी तू मरायची वाट बघायची? खालच्या आळीला राहतात रे त्या! अजून एक कलम घाल. नाहीतर उद्या माझ्या बोटीवर पाय ठेवायचा नाही.”

७. कलम चार, पाच आणि सहा आजपासून लागू. मी जिवंत आहे, ही अडचण धरू नये. दोन प्रती केल्यात. आधी कोलेतकडे जातोय, मग समोर तुझ्याकडे. कागद टपालाच्या पेटीत टाकणार नाही, हातात देणार. पण थांबणार नाही. तुम्ही शिव्या दिल्यात तर ऐकायला हवं, कळतंय मला. भीती दुसरीच आहे, की कोलेत एखादा बरा शब्द बोलेल. तो ऐकायची माझी लायकी नाही. म्हणून ती घडी उलगडेपर्यंत मी पायऱ्या उतरलेलो असेन. बोटीवर पिंजरे बांधायचेत. निघालो.

रेमी सुरेत

साक्षीदार: आल्फी बुर्क, बोटमालक
थेरेज बुद्रो, शेजारीण (नाराजीनं)

पेतित-आन्स, नोव्हा स्कोशिया
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४