निळ्या पिंपातली घाण

२ मे, परतूर
टाकीला पुन्हा वास. सहा फुटी काच, चार ऑस्कर मासे, एकेक दीड वीत लांब. खातात कमी, थुंकतात जास्त. गोळ्यांचा चुरा, त्यांची घाण, सगळं खालच्या निळ्या पिंपात जमतं. तो फिल्टर ह्यांनीच बनवलेला. वर स्पंज, खाली विटांचे तुकडे, एक मोटार. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालू होतं तेव्हाचा. फेब्रुवारीत झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, न्हाई. पाणी पाहिजे तरी न्हाई, नको तरी न्हाई.
सकाळी ह्यांचा डायपर, दुपारी पुन्हा, मधे माशांचं. दिवसभर घाणच काढून राह्यले.

३ मे
पल्लवीचा फोन. म्हणे, आई, मासे देऊन टाक कुणाला तरी, तुझ्याच्यानं होणार न्हाई. लेकीचं बराबर आहे. आता सुट्ट्या म्हणून जमतंय. जूनला माझी शाळा सुरू झाली की ह्यांच्यापाशी कोण बसणार...
पण हे दिवसभर खाटेवरून टाकीकडंच बघतात. मासेही ह्यांच्या बाजूच्या काचेला येऊन थांबतात. मी खाणं टाकते, तरी माझ्याकडं एक येत न्हाई.

५ मे
आठव्या दिवशी नळ आला. पाण्याला ब्लिचिंगचा उग्र वास. म्हटलं, आज पिंप साफ करूनच टाकू. स्पंज चिखलागत. विटा तपकिरी, बुळबुळीत. सगळं बादलीत घेऊन अंगणात निघाले तर ह्यांनी ओरडायला सुरुवात केली. न्हाई, न्हाई. डाव्या हातानं खाट बडवली. वाटलं डायपर भरला. बघितलं तर कोरडा. मंग मात्र डोकं फिरलं.
म्हटलं, "गप बसा. तुमचंही मीच काढायचं, माशांचंही मीच काढायचं, वर हे ओरडणं पण ऐकायचं?"
ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं.
नळाखाली ब्रशनं घासलं सगळं. गच्चीवर कडक उन्हात वाळवून संध्याकाळी परत भरलं. विटा नव्यासारख्या लाल.

८ मे
पाणी दुधाळ. मासे वर येऊन तोंडं उघडून राह्यले. कल्ले लाल. गोळ्या तशाच तरंगत. ह्यांनीही पेज तोंडातून बाहेर काढली.

९ मे
दोन मेले. हे उठायच्या आधी काढावे म्हणून जाळी घेतली, तर हे जागेच. बघत होते. कधीपासून, कोण जाणे.
शेजारच्या भाभींना ह्यांच्याजवळ बसवून जालन्याला गेल्ते, माशांच्या दुकानात. दुकानदार ह्यांच्या जुन्या ओळखीचा, ह्यांना भाऊ म्हणतो. ऐकून घेतलं, मंग विचारलं, "मॅडम, फिल्टर नळाच्या पाण्यानं धुतला का?"
हो म्हटलं. ब्रश, ऊन, सगळं सांगितलं. थोडं अभिमानानंच.
त्यानं खाली बघत सांगितलं. त्या बुळबुळीत थरात जिवाणू असतात, तेच माशांची घाण पचवतात. ब्लिचिंगनं आन उन्हानं ते मेले. आता मासे आपल्याच घाणीच्या विषात आहेत. स्पंज टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळायचा असतो, विटांना हात लावायचा न्हाई.
"भाऊंनी सांगितलं न्हाई का?"
त्यानं त्याच्या टाकीतला जुना, ओला स्पंज पिशवीत दिला. म्हणे, पिंपात ठेवा, जिवाणू वाढायला काही आठवडे जातील, तोवर मासे टिकले तर टिकले.
रेल्वेत पिशवी मांडीवर. भाऊंनी सांगितलं होतं. खाट बडवून सांगितलं होतं.

११ मे
माशांचं खाणं बंद. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, नळाचं ताजं चालत न्हाई. भाभींनी त्यांच्या बोअरचा पाइप दिला. मे महिना, दहा मिनिटांत बोअर हवा फेकतो. उरलेलं पाणी दुपारी बदलायचं म्हटलं, तोवर तिसरा गेला.
ह्यांच्याजवळ बसले. चुकलं माझं म्हटलं, तुम्ही सांगत होता, मी तोंड बंद केलं तुमचं. हे न्हाई म्हणाले. ह्याचा अर्थ काय लावायचा. विचारायची सोय न्हाई.
पल्लवीला कळवलं न्हाई.

१४ मे
सगळ्यात मोठा तेवढा राह्यला. तळाशी कलता पडलेला. वरचा स्पंज तुंबला म्हणून टाकीचं पाणी टबात काढलं, टब खाटेशी आणला. ह्यांच्या डोळ्यांसमोर पिळावा, चुकले तर ओरडतील.
ओरडले न्हाईत. डावा हात टबात घातला, स्पंजचं एक टोक धरलं. दुसरं माझ्याकडं. दोघांनी पिळला. तपकिरी पाणी कोपरापर्यंत. वास होताच. हे पिळतच राह्यले, स्पंज साफ झाला तरी. मीही थांबवलं न्हाई. मंग त्याच ओल्या हातानं माझं मनगट धरलं, बराच वेळ.
स्पंज पिंपात ठेवला, मोटार लावली. मासा तसाच. कल्ले हलतात, हळू. उद्या एक गोळी टाकून बघावी का, का अजून...