नाव आणि पत्ता

प्रिय डेल्मर,

तू कसा आहेस हे विचारायच्या आधी सांगते, की मी तुला बघितलं. मंगळवारी संध्याकाळी मी इस्त्री करत होते आणि टीव्हीवर नगर परिषदेची सभा लावली होती. हसू नकोस, गुडघा धरल्यापासून माझी एवढीच करमणूक उरली आहे. माइकपाशी एक माणूस येऊन उभा राहिला, त्याने टोपी काढली, आणि माझी इस्त्री होती तिथेच राहिली. उशीचा अभ्रा जळाला. दोन वर्षं तू जिवंत आहेस की नाहीस हे मला ठाऊक नव्हतं, आणि तू म्हणे गावातच होतास, नदीकाठच्या बेसबॉलच्या मैदानामागे, तुझ्या ट्रकमध्ये. किती वाळलास रे.

तेव्हापासून जिवाला थारा नाही. सार्वजनिक उपद्रवाचे नियम बदलताहेत. सार्वजनिक जागेत गाडीत झोपायचं नाही, बागेत चूल पेटवायची नाही, परवानगीशिवाय कुणाला जेवण वाटायचं नाही. पहिल्यांदा दंड, मग गाडीच उचलून नेणार. त्या ट्रकशिवाय तुझ्याकडे आहे काय? शेजारची ग्लेनिस नियमाच्या बाजूने बोलून आली. मला म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नको ऑर्लीन, पण माझ्या नातवंडांनी खेळायचं कुठं? परवा गवतात नशेच्या इंजेक्शनची सुई सापडली." सुई खरंच सापडली होती, तेवढं मलाही मान्य. मग म्हणाली, "आणि भावाला जरा केस कापायला सांग, सगळ्या गावानं बघितलं." तेव्हा मात्र मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर कापायला काही उरलंय का, ते बघ आधी."

पण मला खरं लागलं ते काइल ब्रँडव्होल्डचं. अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणाला, "नाव आणि पत्ता सांगा, मग तुमची तीन मिनिटं सुरू." तू नुसतं नाव सांगितलंस. तो म्हणाला, "पत्त्याशिवाय बोलता येत नाही हो. गावच्या रहिवाशांनाच बोलू देतो आम्ही." तू म्हणालास, "सध्या पत्ता नाही साहेब," आणि टोपी घालून निघून गेलास. काइलने कागदांत डोकं घातलं. हाच काइल, तू चालवायचास त्या शाळेच्या बसमध्ये रोज झोपून जायचा आणि तू त्याला उठवून दारात सोडायचास. गावातल्या एकेका पोराचं घर तुला पाठ होतं, आणि तुलाच पत्ता विचारला. कुठलाही ठोकून द्यायचास की! माझा सांगायचास! पण खोटं तुला कधी जमलंच नाही. लहानपणीसुद्धा आईने विचारायच्या आधीच रडून मोकळा व्हायचास.

परवा मी काठी टेकत मैदानापर्यंत गेले. ट्रक नव्हता. चर्चची लॉरेट तिथे सूप वाटत होती. म्हणाली, "येतो की. पण सगळ्यांना पुढं करतो आणि स्वतः शेवटी घेतो. बोलत नाही कुणाशी." म्हणून हे पत्र तिच्याकडे देते आहे. तू दुसरीकडे गेला असलास तर काय, हा विचार मी करत नाही, म्हणजे दिवसभर तोच करते. दारावरून कुठलाही ट्रक गेला की उठून खिडकीशी जाते. थंडीही पडायला लागली आहे.

जूनी गेली आणि तुझा संसार मोडला त्या महिन्यात मी तुला ओढून माझ्याकडे आणलं होतं, आठवतं? वरची खोली झाडून दिली, नवी चादर घातली. सकाळी बघावं तर चादरीला सुरकुती नाही आणि तू बाहेर ट्रकमध्ये. मी मनाला लावून घेतलं. मला वाटलं, याला बहिणीचं घर नको. आता वाटतं, ज्या छपराखाली तिला तसं जाताना पाहिलंस, त्यानंतर तुला कुठलंच छप्पर सोसत नसेल. बरोबर आहे ना? नसेल तर सांग, पण येऊन सांग.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. येत्या मंगळवारी त्या नियमांचं दुसरं वाचन आहे आणि मग मतदान. ग्रंथालयात जाऊन मी ती दुरुस्ती अख्खी वाचली. त्यात रस्ते आहेत, बागा आहेत, नदीकाठ आहे, दुकानांपुढच्या जागा आहेत. लोकांची स्वतःची अंगणं नाहीत. तू माझ्या अंगणात राहिलास तर चालेल का, हे मी ग्लेनिसलाही विचारून ठेवलं. ती म्हणाली, "धूर माझ्या खिडकीत आला नाही म्हणजे झालं," आणि संध्याकाळी तुझ्यासाठी पीचच्या मुरंब्याची बरणी देऊन गेली. तर तू सोमवारी ये. घरात पाऊल टाकू नकोस हवं तर. ट्रक अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली लाव आणि त्यातच झोप, न्हाणीसाठी मागचं दार मी उघडं ठेवते. म्हणजे मंगळवारी काइलने विचारलं की "डेल्मर टॉफ्ट, चारशे बारा, ऑल्डर स्ट्रीट" असं तुला म्हणता येईल आणि ते खोटं नसेल. पुढे काय बोलायचं ते तुझं तू ठरव. काही सुचलं नाही तर नुसता पत्ता सांगून खाली बस. मी मागच्याच खुर्चीत असेन.

तुझीच, तुझ्या ट्रकच्या आवाजाकडे कान लावून बसलेली,
ऑर्लीन