गरजा : काही नाही

मी, ओलीटा मे स्टिडम, वय वर्षे पंचाहत्तर, अविवाहित, राहणार बकआय घळ, प्रेटर काउंटी, केंटकी, आज डोके ठिकाणावर असताना आणि मानगुटीवर कोणी बसलेले नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. एकतीस वर्षे मी या काउंटीच्या शाळा-कचेरीत अधीक्षकांची कारकून होते. तेवढी वर्षे दुसऱ्यांचे म्हणणे टाइप केले. माझे म्हणणे असलेला हा पहिलाच कागद आहे, तेव्हा कोणी दुरुस्त्या सुचवू नयेत. गेल्या एप्रिलमध्ये लिहिलेले मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते पुढे येईल.

कलम १. घर, मागची सफरचंदाची चार झाडे, लोखंडी तवे आणि बँकेत जे असेल ते सर्व माझा दिवंगत भाऊ अ‍ॅशर याची मुलगी रेना हिला द्यावे. अट एकच. बँकेतल्या पैशातून तिने आधी कानात घालायची नवी यंत्रे घ्यावीत. जुनी शिट्ट्या मारतात, आणि विचारले की ही बाई म्हणते, "चालतायत की अजून!" काही मागायचे म्हटले की आमच्या घराण्याची जीभ टाळूला चिकटते. साऱ्या काउंटीचीच चिकटते.

कलम २. जेवणघरातल्या कपाटाच्या खालच्या खणात शाळा-कचेरीच्या वार्षिक अहवालांच्या एकतीस प्रती आहेत. नाव दरवर्षी तेच: 'कार्यक्रम, बलस्थाने आणि गरजा'. त्यातल्या तीस प्रती रेनाने कोंबड्यांच्या खुराड्यात अंथराव्यात. कागद जाड आहे, ओल चांगली शोषतो. एवढा उपयोग त्यांचा आजवर कोणाला झालेला नाही.

अंथरण्याआधी करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही. 'कार्यक्रम'मध्ये 'उद्याचे नेते' सापडेल. म्हणजे तळघरातले दोन संगणक, एक भित्तिपत्रक, आणि छत गळायचे म्हणून खाली ठेवलेली बादली. बादलीचा उल्लेख नाही. 'बलस्थाने'मध्ये 'पालकांचा उत्स्फूर्त सहभाग' सापडेल. म्हणजे आया केक भाजून विकायच्या, तेव्हा कुठे वर्गात कागद यायचा. 'वाहतूक: शंभर टक्के' हेही सापडेल. ते शंभर टक्के माझ्या अंगणात वळायचे. त्याबद्दल पाचव्या कलमात.

उरलेली एक प्रत, १९९४ सालची, निळ्या पाकिटात घालून वेगळी ठेवली आहे. ती खुराड्यात जाऊ नये.

कलम ३. विजेवर चालणारा टाइपरायटर कचेरीने भंगारात काढला तेव्हा मी घरी आणला होता. तो सध्याच्या अधीक्षकांना परत द्यावा. माझ्यामागून चार अधीक्षक आले. चौघांनी मिळून केलेली मोठी सुधारणा म्हणजे 'गरजा' हा शब्द काढून त्याजागी 'वाढीच्या संधी' घातला. मागच्या वर्षी बकआय शाळेतले शौचालय फुटले, तीही वाढीची संधीच होती. या यंत्रावर 'गरजा' हा शब्द अजून उमटतो. त्यांनी रोज पाच मिनिटे सराव करावा.

कलम ४. माजी अधीक्षक गारलंड प्रुइट हे अद्याप हयात आहेत आणि नव्या व्यायामशाळेला आपले नाव लागावे म्हणून हिंडत आहेत. त्यांना माझ्या अंत्यविधीला येऊ द्यावे, मक्याचा पाव आणि घेवडा खाऊ घालावा, पण बोलू देऊ नये. ते माझी बलस्थाने सांगतील. ती ऐकायला मी असणार नाही, आणि बाकीच्यांनी काय पाप केले आहे?

कलम ५. घराच्या पुढचा सपाट तुकडा. १९८८ साली चौदा नंबरची बस वळताना ओढ्यात घसरली, तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटले, "उद्यापासून माझ्या अंगणात वळव." तेव्हापासून बस तिथेच वळते. तिथे वळायला मिळाले नाही तर ती घळीच्या तोंडाशीच थांबेल, आणि वरच्या घरांतल्या अकरा मुलांना ओढ्याकाठचा दीड मैल तुडवावा लागेल. कचेरीने या जागेबद्दल मला कधी आभाराची चिठ्ठीदेखील पाठवली नाही.

म्हणून एप्रिलच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की अधीक्षकांनी दरवर्षी भर सभेत उभे राहून शाळांच्या गरजा मोठ्याने वाचाव्यात, आणि ज्या वर्षी वाचणार नाहीत त्या वर्षी फाटकाला कुलूप. लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होते. रेनाला वाचायला दिले. तिने चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"आत्या, हे कुलूप नक्की कोणासाठी?"

"त्या कचेरीतल्या शहाण्यांसाठी."

"ते गाडीतून फिरतात. चालणार माझी मेव. आठ वर्षांची आहे ती."

"त्याशिवाय त्यांना अक्कल यायची नाही!"

"तुझ्या कुलपाने येईल? ते अहवालात लिहितील, 'मुलांना रोज चालण्याचा व्यायाम.' आणि बलस्थानात घालतील."

मला हसू आले, आणि मग आले नाही. पोरीचे बरोबर होते. अधीक्षकांचा राग मी मुलांच्या पायांवर काढायला निघाले होते.

तेव्हा आता असे: ही जागाही रेनाची, तिच्यामागे मेवची, आणि शाळेची बस तिथे कायम वळेल, कोणत्याही अटीशिवाय. अधीक्षकांची गाडी मात्र वळणार नाही. त्यांनी वर यावे, मुलांना भेटावे, आणि दीड मैल मागे मागे गाडी घेत खाली जावे. रेना ओसरीवरून बघेल.

कलम ६. हे कलम रेनाने एकटीने वाचावे. मी समोर नसेन, त्यामुळे माझे ओठ वाचता येणार नाहीत, म्हणून अक्षर मोठे काढते.

रेना, निळे पाकीट उघड. शेवटचे पान. तू सात वर्षांची होतीस. दर मंगळवारी तुला बोलायला आणि ऐकायला शिकवणाऱ्या टॅकेटबाई यायच्या, आठवते? त्या वर्षीच्या अहवालासाठी मी अकरा गरजांची यादी केली होती. पहिली गरज: टॅकेटबाई रोज हव्यात. प्रुइटसाहेबांनी लाल पेन्सिलीने अकराही खोडल्या आणि म्हणाले, "ओलीटा, आपण काय भिकारी आहोत? राजधानीतल्या लोकांपुढे हात पसरायचे? लिही, काही नाही."

मी लिहिले. 'गरजा : काही नाही.' आणि खरे सांगते, लिहिताना माझी मान ताठ झाली होती. आमच्या बापाने उपाशी राहून शेजाऱ्याला "जेवलोय" सांगितले होते, त्याचीच मी लेक. राजधानीतल्या माणसाने ते वाचले आणि खरे मानले. खरे का मानणार नाही? ऑगस्टमध्ये टॅकेटबाईंना पलीकडच्या काउंटीत पाठवले. तिथल्या लोकांनी मागितले होते.

तू चार वर्षे मागच्या बाकावर बसलीस. प्रगतिपुस्तकावर दरवेळी 'लक्ष देत नाही' आणि शेवटी 'मंद'. तुझ्या बापाने मला विचारले, "ओलीटा, तू तर कचेरीत असतेस. मंगळवारच्या बाई का येत नाहीत गं?" मी म्हणाले, "वरून हुकूम आहे." तो त्यावर विश्वास ठेवून गेला. तू मंद नव्हतीस. तुला ऐकू येत नव्हते, आणि मला सगळे ऐकू येत होते.

वर प्रुइटला चार शब्द सुनावले आहेत, ते खोडत नाही. पण टाइप करणारी बोटे त्याची नव्हती. पंचवीस वर्षे मी तुझ्यासमोर बसून जेवले आणि हे बोलले नाही, कारण बोलले असते तर पुढे काहीतरी मागावे लागले असते.

हे मृत्युपत्र माझे आहे, नमुना कचेरीचाच वापरते.

कार्यक्रम: मरणे.
बलस्थाने: टाइपिंग.
गरजा: एक. रेना, मला माफ कर.

सही: ओलीटा मे स्टिडम

वरील सही आमच्यासमोर झाली. सहावे कलम बाईंनी हाताने झाकून धरले होते, ते आम्ही वाचलेले नाही. सही करताना त्या रडत होत्या, पण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार: १. वुडरो फ्युगेट, ड्रायव्हर, बस नंबर चौदा
२. डेल्फा कॉडिल, शेजारीण

बकआय घळ, मंगळवार, ८ ऑक्टोबर २०१९