बिबट्याच्या पिल्लाला मारलेली हाक

काका, काल हिंजवडीहून परत येताना कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगेत तासभर अडकले होते. तुमचं भाताचं खाचर नेमकं कुठे होतं, ते आता मला दाखवता येणार नाही. काचेच्या इमारतींवरून मावळतीचं ऊन रस्त्याकडेच्या गवतावर उतरलं होतं आणि गवतात काहीतरी हललं. कुत्रं असणार. पण तुम्ही शिकवलं होतंत तशी मी श्वास धरून बसून राहिले, आणि मग ती सगळी संध्याकाळ माझ्याबरोबर घरापर्यंत आली. घरी जेवण झालं, भांडी झाली, तरी ती गेली नाही.

ऊसतोडीत सापडलेलं बिबट्याचं ते मादी पिल्लू आपल्या डोंगरपायथ्याच्या वन्यप्राण्यांच्या छोट्याशा केंद्रात आलं, तेव्हा त्याची आई गाडीखाली जाऊन मेली होती. मी नुकतीच जनावरांची डॉक्टर झाले होते आणि पुण्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. पिंजऱ्यांची सगळी देखभाल तुमच्याकडे. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत की तिच्यासमोर बोलायचं नाही, तिचं नाव ठेवायचं नाही. माणसाचा आवाज गोड लागला, तर जंगलात सोडल्यावर ती गावात शिरेल आणि काठ्या खाऊन मरेल. नाहीतर जन्मभर पिंजरा. मला ते पटलं होतं. पटलेलं पाळता येतंच असं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आठवतं का, पहिली कोंबडी आत सोडली तेव्हा पिल्लूच घाबरून झाडावर चढलं होतं? कोंबडी खाली निवांत दाणे टिपत राहिली. कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन मी स्वारगेटहून बसने यायची, आणि कंडक्टर अगदी गंभीरपणे विचारायचे, "मंडळींना बसायला जागा झाली ना?" हे तुम्हाला सांगितलं की तुम्ही आवाज न करता हसायचात. तिथे हसणंही आवाज न करताच शिकावं लागे. पुढे तुम्ही रोज वाऱ्याची दिशा पाहून कोंबडी वेगवेगळ्या कोपऱ्यातून सोडू लागलात. तासन् तास काही घडत नाही. कुंपणाच्या आत माणूसभर उंच गवत आहे, उन्हाचे कवडसे आहेत, आणि त्यातला एक कवडसा हळूच पुढे सरकतो. ती पोट जमिनीला लावून वाऱ्याच्या उलट बाजूने येते आहे. हे तिला कुणी सांगितलं? तुम्ही माझा दंड घट्ट धरला आहे. एवढा आनंद मला माझ्या परीक्षेच्या निकालानेही दिला नव्हता.

चूक माझी होती. चहा झाला की तुम्ही अंगणाच्या त्या टोकाहून "पोरी" अशी हाक मारायचात. पुण्यात मला तशी हाक मारणारं दुसरं कोण होतं? घरमालकीणबाई तर दारावर चिठ्ठ्या लावून माझ्याशी बोलत. दुपारी तुम्ही गावाकडे गेलात की मी कुंपणापाशी बसून तिला हळूच म्हणायची, पोरी, जेवलीस का गं? एक दिवस तुम्ही लवकर परतलात. मी हाक मारली होती आणि ती धावत येऊन जाळीला अंग घासत होती.

तुम्ही रागावला नाहीत. आत जाऊन दगडांची बादली घेऊन आलात आणि माझ्यापुढे ठेवलीत.

"माणसाचं याड चढवलंस तूच, उतरवायचंबी तूच. हाक मार, आन् आली की दगड मार."

दीड महिना मी तेच केलं. त्याच लाडिक आवाजात हाक, आणि पाठोपाठ दगड. पहिल्या दिवशी सगळे दगड इकडेतिकडे पडले. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरीणबाई, तुम्ही नेम चुकवताय. गावातल्यांचा चुकायचा न्हाय." त्यानंतर मी चुकवला नाही. ती माझ्याकडे बघायची, त्यात राग नसायचा, नुसतं न समजणं असायचं. मी घरी येऊन रडायची. आणि त्या दिवसापासून तुमची हाक बंद झाली. तिच्या कानावर तो शब्द दगडाशिवाय पडायला नको, म्हणालात. बरोबरच होतं.

सोडायला नेलं ती सकाळ धुक्याची. दार उघडल्यावर ती उंबऱ्यातच थांबली आणि मागे वळून आपल्याकडे पाहू लागली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, पोरी. ती पळत सुटली, कारवीची झुडपं एकदा हलली, मग धुकं पुन्हा होतं तसं झालं. काही महिन्यांनी वनरक्षकाने निरोप आणला की उंबराच्या फांदीवर अर्धं खाल्लेलं भेकर आहे आणि खाली मादीचे लहान ठसे. तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलंत, बराच वेळ. मला वाटलं, आता तरी हाक माराल. "चहा घ्या, डॉक्टरीणबाई," म्हणालात.

तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या आठवड्यात मी तुमच्या घरी आले होते. तुमचं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. मी बसले, उठले, ओसरीवर चपला घालत होते आणि आतून हाक आली. पोरी. इतक्या वर्षांनी. ती ऐकायला मी किती वाट पाहिली होती. आणि माझे पाय मला न विचारताच निघाले. अंगण ओलांडून भराभर रस्त्यावर आले, मागे वळलेही नाही. तेराव्याला तुमच्या सूनबाईंनी विचारलं, मामंजी हाक मारत होते, तुम्हाला ऐकू नाही का आलं? मी म्हटलं, नाही.

हे पत्र कपाटातच राहील, पाठवायचं तरी कुठे. पण एकदा लिहून ठेवते. ऐकू आलं होतं, काका.