फिरतीवरची माणसं

कोपरी, ठाणे
३ नोव्हेंबर १९५७

प्रिय जया,

तुझं पत्र पोचलं. पुढच्या महिन्यात तुमच्या कॉलेजची भूगोलाची मंडळी पुन्हा मोखाड्याकडे गावपाहणीला निघणार, तेव्हा आई, तू पुण्याला येऊन घर आणि माझ्या लेकराला, रतनला सांभाळ, असं तू लिहिलंस. मी दोन दिवस ते पत्र डब्याखाली ठेवून दिलं. शेजारच्या रंगूबाईंनी विचारलं, लेकीचं बरं आहे ना? म्हटलं, लेकीचं फार बरं आहे. आवाजातलं त्यांना कळलं असणार.

तुझे नाना मोजणी खात्यात. पाऊस सरला की साखळी, टेबल, तंबू घेऊन निघायचे ते मृगाला परतायचे. पावसाळाभर कचेरीत नकाशे शाईने पक्के करायचे, उरलेलं काम घरी आणायचे. त्या नकाशांवरच्या गावांच्या नावांवरून त्यांनी मला अक्षरं शिकवली. शहापूर, खर्डी, कसारा, खोडाळा हे माझं पहिलं वाचन. माझं स्वतःचं जग मात्र कल्याणला संपायचं, वन्सं तिथे राहायच्या म्हणून. रंगूबाई म्हणायच्या, "शकूताई, तुमचे हे म्हणजे चातुर्मासाचे पाहुणे. जेवूखाऊ घाला आणि दिवाळी झाली की बोळवा." मी हसायचे.

एकदाच म्हटलं होतं, मलाही न्या. ते म्हणाले, कॅम्पावर बायकांची सोय नसते. आणि त्याच नाताळच्या सुटीत तुला मुरबाडला घेऊन गेले. दोघं उन्हाने काळवंडून परत आलात. जेवताना कुठल्याशा बैलाची गोष्ट निघाली आणि तुम्हाला हसू आवरेना. काय झालं म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालीस, "आई, तू तिथे असतीस तर कळलं असतं." लहान होतीस. पण मी ताट तसंच ठेवून उठले. पोटच्या मुलीचा हेवा वाटतो हे कुणाला सांगायचं?

पुढे तू भूगोल घेतलास, तेव्हा सगळे म्हणाले, बापावर गेली. मला अभिमान वाटला, आणि त्याच्या जोडीला तेही वाटलं. जीपची, डाकबंगल्याची, वारली बायकांनी दिलेल्या नाचणीच्या भाकरीची तुझी पत्रं मी आळीत वाचून दाखवते. वाचनालयातून नकाशांचं पुस्तक आणून तू कुठे असशील ते बोटाने शोधते. मग पुस्तक मिटते आणि तांदूळ निवडायला बसते.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की मोखाड्याजवळ जीप थांबवून तू नदीवर उतरलीस, आणि नानांना जिथे अग्नी दिला ती जागा एका म्हाताऱ्याने दाखवली. चार ओळी लिहिल्यास आणि लगेच खडकांकडे वळलीस. एकोणपन्नास साली ते कॅम्पावर तापाने गेले. तार माझ्या हाती पडली तोवर तिकडे सगळं उरकलेलं होतं. घरी आली ती त्यांची ट्रंक. तेव्हापासून मी ती जागा मनात रचते आहे. कधी तिथे उंबराचं झाड ठेवते, कधी काढून टाकते. आणि तू ती पाहून आलीस. जया, त्या दिवशी मला तुझा राग आला. तिथेही तूच आधी.

म्हणून हे पत्र. मी पुण्याला येते, पण मागे राहायला नाही. रतनला घेऊन मी तुमच्याबरोबर फिरतीवर येणार. तुमच्या सरांना सांग, सगळ्यांचा स्वयंपाक मी करीन, तंबूत निजेन. विधवेने रानोमाळ कशाला हिंडायचं, असं रंगूबाई आत्ताच म्हणून गेल्या. मी म्हटलं, तुम्ही तेवढं माझ्या तुळशीला पाणी घाला. आता सोय नसते असं तूही म्हणणार असशील, तर रतनसाठी दुसरी बाई बघ. आणि नेणार असशील, तर एक ऐक. त्या नदीवर मला एकटीला उतरू दे. तू वर जीपमध्येच बसून राहा.

तुझीच,
आई