समोरच्या गच्चीवरची खोली

९ मार्च

फान थी मिन्ह खुए — तुझे पूर्ण नाव आज कित्येक वर्षांनी उच्चारले. मृत्यूच्या नोंदीसाठी उच्चारावे लागले. कारकुनाने विचारले, "व्यवसाय?" मी म्हणालो, "घरीच असते." मग भानावर आलो आणि दुरुस्ती करून घेतली — सॉफ्टवेअर अभियंता. दोन दुरुस्त्या झाल्या. 'असते' हीसुद्धा.

आज आठवा दिवस. रिवाजाप्रमाणे एकोणपन्नास दिवसांपर्यंत दोन्ही वेळा तुझ्या तसबिरीपुढे भाताचा वाडगा ठेवायचा आहे. ते काम मी स्वतःकडे घेतले आहे. आज भात खाली लागला. वरचा पांढरा भाग तेवढा तुला वाढला.

यापुढे तुला उद्देशून लिहिणार नाही. जिथून उत्तर येण्याची शक्यता नाही तिथे पत्रव्यवहार करणे योग्य नव्हे. यापुढे केवळ नोंदी.

११ मार्च

रश्श्यात आंबवलेल्या मासळीचे खारे पाणी फार झाले. न्येनने तक्रार केली नाही. नऊ वर्षांच्या मुलीने तक्रार न करणे हे अधिक वाईट.

१४ मार्च

जेवणापूर्वी लहानाने मोठ्यांना जेवायला बोलवायचे, हा आपल्याकडचा रिवाज. आज साडेसहाला सर्वांचे एकच मोठे ताट मांडताच न्येन सवयीने सज्जात धावली आणि गल्लीपलीकडे ओरडली, "आई, जेवायला ये!" मग तशीच उभी राहिली. आत आली, आणि तसबिरीपुढे तेच शब्द अगदी हळू म्हणाली.

समोरच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. घरमालकीण सहावी आजी — सहा भावंडांतली शेवटची, म्हणून सारी गल्ली तिला सहावी म्हणते. आमच्या दोन खोल्यांत संगणकावरच्या बैठकीला शांतता मिळेना, म्हणून खुएने ती खोली तीन वर्षांपूर्वी भाड्याने घेतली. पहाटे उठून भाजीबाजार, दिवसभर कार्यालय, साडेपाचला घरी, चुलीपाशी एक तास. साडेसहाला आमचे ताट मांडून ती संगणक उचले आणि समोर जाई. इथे दा नांगमध्ये संध्याकाळ होते तेव्हा तिच्या जर्मन ग्राहकांची दुपार असते. आठला परते आणि भांडी घासे. मी भूमापन कार्यालयातून येई तेव्हा सर्व काही तयार असे. ते तयार *होत* असे, हे मला दोन मार्चनंतर कळले. त्या दिवशी भाजीबाजारातून परतताना ती रस्त्यात कोसळली. पिशवीत तीन जणांच्या रात्रीच्या जेवणाची भाजी होती.

२२ मार्च

सासूबाई क्वांग न्गाईहून आल्या. आल्या आल्या झाकण उचलून पाहिले. "भात म्हणायचा का हा? माझी लेक मेल्यावर पेज प्यायला लागली काय?"

मी क्षमा मागितली. त्या बाहीने डोळे पुसत हसल्या — हसल्या, हे नमूद करतो.

मग म्हणाल्या, "एकोणपन्नासाव्या दिवशी तिच्या आवडीचं करायचं. नवऱ्याच्या हातचं. काय आवडायचं तिला?"

मी म्हणालो, "गूळ जाळून शिजवलेलं डुकराचं मांस."

"ते तुला आवडतं!"

"मग आपणच सांगा."

"लहानपणी कोवळ्या फणसाची कोशिंबीर आवडायची. पण ती लग्नाआधीची गोष्ट. अकरा वर्षं तुझ्या घरात जेवली, आणि मला विचारतोस?"

माणूस अकरा वर्षे एका ताटाशी बसतो आणि समोरची व्यक्ती काय खाते हे पाहत नाही! शेवटची तीन वर्षे तर समोर कोणी नव्हतेच.

२३ मार्च

न्येनला विचारले. ती म्हणाली, "आई खायची नाही, बाबा. आई वाढायची."

३ एप्रिल

खुएची सहकारी क्वेन कंपनीचा संगणक न्यायला आली. तिलाही तोच प्रश्न विचारला.

"दुपारी ना? काही नाही हो दादा, एका हातानं चमचा, दुसऱ्या हातानं काम. मी म्हणायची, बाई गं, एक दिवस प्रोग्रॅममधली चूक समजून चमचाच दुरुस्त करशील."

मी म्हणालो की संध्याकाळच्या दीड तासाच्या बैठकीमुळे तिला घरीही स्वस्थ जेवता येत नसे.

"दीड तास?" क्वेन हसली. "पंधरा मिनिटं, दादा! सगळे उभ्यानंच बोलतात, म्हणजे कुणी रेंगाळत नाही. पावणेसातला आम्ही मोकळे."

नंतर तिने माझ्याकडे पाहिले आणि संगणकाची तार गुंडाळू लागली.

पावणेसात ते आठ. तीन वर्षे. माझ्या मनात आलेला विचार मी येथे लिहिणार नाही.

४ एप्रिल

लिहितो. वाटले, त्या खोलीत कोणी येत असावे. काल संध्याकाळी मी तिच्यापुढे भात ठेवला नाही. न्येनने ठेवला.

१० एप्रिल

आज समोर गेलो. बावीस पायऱ्या. सहावी आजी मागून काठी टेकत आली.

"तीन वर्षांत पहिल्यांदा जिना चढलास! गुडघे दुखतात वाटतं? मी सत्त्याहत्तर वर्षांची, रोज चढते."

खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक पंखा. खणात घट्ट गोड दुधाचा अर्धा डबा, एक चमचा, आणि दोन किल्ल्या.

मी विचारले, "इथे कोणी येत असे का?"

"मी यायची. आणखी कोण यायला हवं होतं?" आजीचा आवाज चढला. मग उतरला. "काम आटपलं की ती कोपऱ्यावरून गरम पाव आणायची. गोड दुधात बुडवून खायची, डोळे मिटून. मी म्हटलं, अगं, घरी एवढं रांधतेस आणि इथं कोरडा पाव? तर म्हणायची, आजी, दिवसातून एकदा तरी मी न शिजवलेलं काहीतरी खाऊ दे."

लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा तिने रात्री पाव आणि गोड दूध मांडले होते. फार दमली होती. मी म्हणालो होतो, "याला जेवण म्हणत नाहीत." रागाने नव्हे. अत्यंत सभ्यपणे! त्यानंतर तिने ते कधीही मांडले नाही.

मी त्या खुर्चीत बसून पाहिले. तिथून आमचे ताट दिसते. न्येनचा चेहरा दिसतो. आणि माझी पाठ.

११ एप्रिल

आजपासून मी ताटाच्या दुसऱ्या बाजूस बसतो. उशीर झाला आहे, हे जाणून बसतो.

१९ एप्रिल

एकोणपन्नासावा दिवस. तसबिरीपुढे पाव आणि गोड दूध ठेवले. बाकी काही नाही.

सासूबाई कडाडल्या, "हे काय? लेकीला निरोप देतोयस की न्याहारी? नवऱ्याच्या हातचं करायचं असतं!"

मी म्हणालो, "तिला हातचं नको होतं, आई." आणि तिने आजीला सांगितलेले वाक्य त्यांना सांगितले.

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "माझ्या आईलाही तसंच वाटत असणार. मलाही." उदबत्त्या विझल्यावर तो पाव आम्ही तिघांनी दुधात बुडवून खाल्ला. गोड होता, खुए. पाहा, नियम मोडला.

२८ एप्रिल

खोली रिकामी करून दिली. किल्ल्या दुकानातून आल्या तशाच तारेत बांधलेल्या होत्या. तार मला सोडवावी लागली. आजी म्हणाली, "तिनं कधी कुलूप लावलंच नाही. दार नुसतं लोटून बसायची. म्हणायची, कुणी वर आलंच, तर ठोठावायला नको."

कुलूप घट्ट होते. तेल घातले. दार बंद केले, कुलूप लावले, किल्ल्या परत केल्या.