अर्धी पुसलेली मेणबत्ती परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक स्मृतिगृह.

विषय : बुरशी आलेली म्हणून ताब्यात घेतलेली मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती आहे त्या अवस्थेत परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या रखवालदारांनी दिलेली पावती.

महोदय,

१. माझी आई जन्मभर घरी मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या करून विकत असे. तिच्या शेवटच्या रविवारी, ती धडधाकट असताना, मी तिला काचेच्या पेल्यातली, सुगंधी, सोयामेणाची मेणबत्ती भेट दिली. सुताराला प्लॅस्टिकची खुर्ची द्यावी, तसा हा प्रकार होता. सोबत मी एक लेखही नेला होता. मधमाशीच्या मेणाने हवा शुद्ध होते याला पुरावा नाही, हे मी तिला त्यातून वाचून दाखवले. "पुरावा नसू दे. वास तर आहे ना?" असे म्हणून तिने ओट्यावर तीन मेणबत्त्या लावल्या: माझी, दुकानातली पॅराफिनची आणि स्वतःची.

२. निकाल अर्जदाराच्या विरोधात गेला. पॅराफिन खनिज तेलातून निघते व लवकर मऊ पडते. ती मेणबत्ती शेगडीच्या उबेने कमरेत वाकली. माझ्या सोयामेणाची वात स्वतःच्याच पातळ मेणात बुडून विझली. मधमाशीचे मेण वितळायला जास्त उष्णता लागते. आईची मेणबत्ती न ओघळता, मधाचा मंद वास देत, ताठ जळत राहिली. "तुझी वात पोहायला गेली वाटतं," असे आई म्हणाली. लेखात या मुद्द्याचा उल्लेख नव्हता.

३. हार झाकण्यासाठी मी कपाटातली तिची उरलेली एकमेव मेणबत्ती काढली. तिच्यावर पांढुरका थर होता. मी विजयी मुद्रेने म्हणाले, "आई, हिला बुरशी आलीय. फेकून दे." आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं शहाणे, बुरशी नाही ती. मेण जुनं झालं की असा थर धरतं. मऊ फडक्याने पुसलं की जातो." तिने वरचा अर्धा भाग पुसून सोन्यासारखा केला आणि फडके माझ्यापुढे धरले. "उरलेली तू पूस." मी म्हणाले, "नंतर बघू," आणि बस गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई झोपेतच गेली.

४. तीच मेणबत्ती मी काल आईच्या आठवणीत आपल्या स्मृतिगृहात लावण्यासाठी आणली होती. रखवालदारांनी 'मेणबत्ती स्वच्छ असावी' या नियमावर बोट ठेवून ती ताब्यात घेतली. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. दोन पदव्या घेऊन जी चूक मी केली, ती त्यांनी एकही लेख न वाचता केली. थराविषयी मी त्यांना दारातच व्याख्यान दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि सांगितले, "ताई, अर्ज करा."

५. पावतीनुसार अस्वच्छ वस्तू शनिवारी कचऱ्यात जातात. तत्पूर्वी ती मला परत मिळावी. आपल्या दालनात लावण्याची परवानगी मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास मी ती घरी लावीन. मात्र, मदत म्हणूनही, कोणी ती पुसून देऊ नये, ही कळकळीची विनंती. खालचा अर्धा भाग माझ्याकडे सोपवलेला आहे. कामास विलंब झाला, याची मला जाणीव आहे.

आपली नम्र,
(सही)
मेणबत्तीवाल्या बाईंची मुलगी
दिनांक : आजचाच, शनिवार जवळ आला आहे.

सोबत : पावती. (फडके जोडलेले नाही. ते मला लागेल.)

ता. क. : अर्जात चुका राहू नयेत म्हणून तो आईच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून पाहिला. वाचून झाल्यावर, अर्जात कुठेही नसलेले एक वाक्य मी ओट्याकडे बघून तितक्याच मोठ्याने म्हणाले, ते नोंदीसाठी कळवते :

"दे आई, उरलेली मी पुसते."